प्लेन्सला जाताना आधी आर्चरी

अमेरिकेचे एकेकाळचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्यामुळे जॉर्जिया राज्यातलं प्लेन्स हे गाव जगाला माहीत झालं, आणि त्यांच्याचमुळे ते नीट पाहायचं राहूनही जातं. येणारी माणसं राष्ट्राध्यक्षांची शाळा बघतात, जुनं रेल्वे स्टेशन बघतात, शेंगदाण्याचं आइस्क्रीम खातात आणि दुपारपर्यंत परतीच्या वाटेला लागतात. २०२० च्या जनगणनेत गावची वस्ती होती ५७३. बघायला असून असून किती असणार, असं कुणालाही वाटेल. अटलांटाच्या परिसरात राहायला आल्यापासून मला मात्र या गावाची ओढ लागली आहे. तीस-चाळीस किलोमीटरच्या टापूत अमेरिकेच्या दक्षिणेचा सगळा चांगुलपणा आणि सगळं क्रौर्य इथे शेजारी शेजारी नांदलं. ज्यांनी ते केलं आणि ज्यांनी ते सोसलं, ती माणसं एकमेकांना नावानिशी ओळखत होती. एकाच दुकानात मीठ-साखर घेत होती. हे मला काही केल्या सोडत नाही.

अटलांटाहून दक्षिणेला निघालं की तासा-दीड तासात जमीन बदलायला लागते. कोलंबस, मेकन आणि ऑगस्टा ही जॉर्जियातली तीन शहरं जोडणारी एक रेषा भूगोलात मानतात, फॉल लाइन. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राचा काठ इथवर होता. रेषेच्या वर खडक आणि टेकड्या, खाली वाळूमिश्रित माती, पाइनची रानं, पिकानच्या (अक्रोडासारख्या फळाच्या) ओळीत लावलेल्या बागा आणि चिलटं. स्थानिक लोक तिला चिलटांचीच रेषा म्हणतात, आणि ते अगदी खरं आहे. उन्हाळ्यात डोळ्यांभोवती, कानाशी, ओठांवर सारखी चिलटं. इथली माणसं बोलता बोलता ओठांच्या कोपऱ्यातून वर फुंकर मारतात, चिलट उडतं, वाक्य न तुटता पुढे चालू राहतं. ते त्यांचं त्यांना कळतही नाही.

माती लाल. पाऊस पडून गेल्यावर नांगरलेलं रान बघितलं की आपल्याकडच्या माणसाच्या पोटात काहीतरी हलतं. पूर्वेला फ्लिंट नदी, पश्चिमेला चॅटहूची, आणि मध्ये किंचफूनी, मकली, चॉक्टहॅची असे ओढे. ही नावं मस्कोगी क्रीक लोकांच्या वेळची. ही जमीन त्यांची होती. १८२५ मध्ये त्यांच्यातल्या विल्यम मॅकिंटॉश या सरदाराने जॉर्जियातली जमीन सोडून देणाऱ्या करारावर सही केली. क्रीक पंचायतीने त्याला देहदंड फर्मावला आणि तो अंमलातही आणला. पुढच्या वर्षी नवा करार झाला, पण जमीन गेली ती गेलीच. १८२७ मध्ये जॉर्जिया सरकारने सोडत काढून ती गोऱ्या वसाहतवाल्यांना वाटून टाकली. मूळ लोकांना मिसिसिपीपलीकडे हाकलून दिल्यावर मागे राहिली ओढ्यांची नावं आणि मातीतली दगडी बाणाग्रं. लहानपणी जिमी आणि त्याचे वडील पावसानंतर नांगरटीतून फिरत बाणाग्रं गोळा करायचे. पाऊस वरची माती धुऊन नेतो आणि दगड उघडा पडतो. शंभर वर्षांनंतरही त्या रानातून आधीच्या मालकांच्या खुणा निघत होत्या.

गावाचं पहिलं नाव प्लेन्स ऑफ ड्यूरा. बायबलमधल्या दानिएलाच्या पुस्तकात राजा नबुखद्नेस्सर सोन्याची मूर्ती उभारतो, ते हे ड्यूराचं मैदान. १८८० च्या दशकात थोड्या अंतरावरून रेल्वे गेली, तसे आसपासच्या वस्त्यांतले लोक रुळांजवळ सरकले आणि नावही आखूड झालं. १८८८ मध्ये लाकडी स्टेशन बांधलं गेलं, ते आजही उभं आहे. १८९६ मध्ये गावाला रीतसर मान्यता मिळाली. रुळांसमोर विटांच्या दुकानांची एकच रांग, वर पत्र्याची पडवी. बाजारपेठ म्हणावी ती एवढीच.

एवढ्याशा गावात १९२० च्या दशकात मोठं इस्पितळ होतं, ही मला फार विलक्षण गोष्ट वाटते. वाइज आडनावाच्या तीन डॉक्टर भावांनी ते चालवलं. लांबून रुग्ण यायचे, परिचारिकांचं शिक्षणही तिथेच व्हायचं. शेजारच्या रिचलंडची लिलियन गॉर्डी तिथेच शिकली आणि तिचा मुलगा जिमी १ ऑक्टोबर १९२४ रोजी तिथेच जन्मला. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांपैकी इस्पितळात जन्मलेला तो पहिला. बाकी सगळे त्याआधी घरीच जन्मले होते.

जिमी चार वर्षांचा असताना कार्टर कुटुंब गावाच्या पश्चिमेला चारेक किलोमीटरवर आर्चरीला राहायला गेलं. आर्चरी म्हणजे रुळांच्या कडेची विखुरलेली वस्ती, साधारण दोनशे माणसांची. गोरी कुटुंबं दोनच, कार्टर आणि रेल्वेच्या मुकादमाचं. बाकी सगळे कृष्णवर्णीय, बहुतेक अर्धेलीने किंवा रोजावर राबणारे. घराला लागून जिमीचे वडील अर्ल कार्टर यांचं दुकान होतं. वर्षभर तिथून उधारीवर तेल, पीठ, तंबाखू न्यायचं आणि कापूस विकल्यावर हिशेब करायचा. कित्येकांच्या हाती हिशेबानंतर काहीच उरायचं नाही. ही व्यवस्था मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

कापसाच्या बोंडात शिरणारा भुंगेरा १९१५ च्या सुमारास जॉर्जियात आला आणि त्याने या भागाचं कंबरडं मोडलं. त्याला मारायला आर्सेनिक, काकवी आणि पाणी कालवून ते फडक्याने झाडाच्या शेंड्यांना पुसायचे. हे काम पोरांकडे. माशा घोंगावायच्या, चिकट्याने भिजलेली विजार संध्याकाळी वाळली की काढून ठेवल्यावर आपली आपण उभी राहायची, असं कार्टर यांनी लिहून ठेवलं आहे. वीज नव्हती. पाण्यासाठी पवनचक्की १९३५ मध्ये आली, वीज १९३८ मध्ये. पहाटे अंधारात शेतावरची घंटा वाजायची, ती जॅक क्लार्क वाजवायचे. आईवडील गावाला गेले की जिमी जॅक आणि रेचल क्लार्क यांच्या झोपडीत जमिनीवर अंथरुण घालून झोपायचा. रेचल शेतमजूर, कापूस वेचण्यात सगळ्यांच्या पुढे. ओढ्यावर मासे कसे धरायचे, पाखरं कशी ओळखायची आणि माणसाने कसं वागायचं, हे आपण तिच्याकडून शिकलो, असं ते म्हातारपणापर्यंत सांगत राहिले.

आर्चरीतला सगळ्यात प्रतिष्ठित माणूस गोरा नव्हता. आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप विल्यम डेकर जॉन्सन तिथे राहायचे. त्यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढली होती. पाच-सहा राज्यांतल्या चर्चचा कारभार पाहणारा हा माणूस अर्ल कार्टर यांच्या पुढच्या दाराने मात्र घरात जाऊ शकत नव्हता. मागच्या दाराने जाणं त्यांना मान्य नव्हतं. मग ते गाडी अंगणात उभी करून भोंगा वाजवायचे आणि अर्ल बाहेर येऊन झाडाखाली त्यांच्याशी बोलायचे. दोघांचीही अब्रू राहायची. बिशपांचा मुलगा अल्वन बाहेर शिकून आलेला. तो सुट्टीत आला की सरळ पुढच्या दाराने लिलियनबाईंना भेटायला यायचा. त्या त्याला दिवाणखान्यात बसवायच्या आणि अर्ल उठून बाहेर निघून जायचे. एकाच घरात, एका छपराखाली, दोन कायदे.

२२ जून १९३८ ची रात्र. न्यूयॉर्कला जो लुई आणि मॅक्स श्मेलिंग यांची मुष्टियुद्धाची लढत. आर्चरीच्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांनी अर्ल यांच्याकडे येऊन विचारलं, रेडिओ ऐकू का? बॅटरीवरचा रेडिओ खिडकीत ठेवला गेला, मंडळी बाहेर अंगणात झाडाखाली दाटीने उभी राहिली. लुईने पहिल्याच फेरीत श्मेलिंगला लोळवलं. अर्ल यांना ते आवडलं नव्हतं. अंगणात एक अक्षर उमटलं नाही. सगळे हळू आवाजात "थँक्यू, मिस्टर अर्ल" म्हणाले, ओळीने रस्ता ओलांडला, रूळ ओलांडले, पलीकडच्या घरात शिरले, दार लावलं, आणि मग रान दणाणून सोडणारा जल्लोष झाला. मी हा प्रसंग अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी माझं लक्ष त्या मधल्या चालण्याकडे जातं. अंगणापासून रुळांपलीकडच्या दारापर्यंत आनंद गिळून चालत जाणारी ती माणसं. वीस-पंचवीस जणांना, कुणीही न सांगता, नेमकं कुठपर्यंत गप्प राहायचं ते ठाऊक होतं.

आणि ते फाटक. जिमी चौदाएक वर्षांचा असेल. दोन कृष्णवर्णीय मित्रांबरोबर तो शेतावरून येत होता. कुरणाच्या फाटकाशी आल्यावर त्या दोघांनी फाटक उघडलं आणि बाजूला होऊन त्याला आधी जाऊ दिलं. त्याला वाटलं, पाय अडकवून पाडायची काहीतरी गंमत केली असणार. गंमत नव्हती. आता मोठे झालात, अंतर ठेवून वागा, असं घरच्यांनी त्यांना सांगितलं असणार, हे त्याला पुढे उमगलं. तिघं त्यावर कधी बोलले नाहीत.

ज्या लिलियनबाई अल्वनला दिवाणखान्यात बसवत होत्या, त्याच १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, पीस कॉर्प या अमेरिकी सरकारच्या परदेशी सेवा-उपक्रमाच्या स्वयंसेविका म्हणून मुंबईला आल्या. विक्रोळीला, गोदरेजच्या वसाहतीत. आधी कुटुंबनियोजनाचं काम, मग दवाखान्यात शुश्रूषा. जवळजवळ दोन वर्षं त्या तिथे राहिल्या. मुलगा राष्ट्राध्यक्ष होणं अजून दहा वर्षं लांब होतं, त्यामुळे दवाखान्याच्या रांगेतल्या बायकांच्या लेखी त्या इंजेक्शन देणाऱ्या एक म्हाताऱ्या गोऱ्या बाई होत्या, बस्स. हरियाणात १९७८ मध्ये कार्टर ज्या गावी गेले त्याचं नाव कार्टरपुरी झालं, म्हणून त्याचीच चर्चा जास्त. पण लिलियनबाईंचं खरं ऋण विक्रोळीवर आहे, आणि विक्रोळीचं त्यांच्यावर. १९७७ मध्ये राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेतर्फे त्या आल्या, तेव्हा वेळ काढून विक्रोळीलाही जाऊन आल्या. प्लेन्सच्या लाल मातीत आयुष्य काढलेल्या बाईला पूर्व द्रुतगती मार्गाच्या पलीकडची चाळकरी माणसं जवळची वाटली, याचं मला नवल वाटत नाही. आर्चरीतल्या झोपड्यांत त्या हेच काम करत आल्या होत्या.

१९५३ मध्ये अर्ल वारले आणि नौदलातला अधिकारी असलेला जिमी बायको-मुलांसह गावी परतला. बायको रोझलिन प्लेन्सचीच. तिच्या जन्माच्या वेळी लिलियनबाईच शुश्रूषेला होत्या आणि त्यांनी तीन वर्षांच्या जिमीला शेजारच्या घरी नेऊन ते बाळ दाखवलं होतं. गावी परत येणं रोझलिनना अजिबात पसंत नव्हतं. पहिल्या वर्षी दुष्काळ पडला, धंद्यात नफा झाला १८७ डॉलर. राहायला सरकारी वसाहतीतलं घर.

धंदा भुईमुगाच्या बियाण्याचा आणि गोदामाचा. कापसाने दगा दिल्यावर या मातीने भुईमूग उचलून धरला. पिवळी फुलं येऊन गेली की आऱ्या सुटतात, त्या जमिनीत शिरतात आणि शेंग मातीच्या आत धरते. चिकण मातीत आरी शिरायला जड, शेंग उपटताना तुटते, म्हणून ही वाळूमिश्रित जमीन सोन्यासारखी. जुन्या काळी वेल उपटून, झटकून, उभ्या खांबाभोवती रचून ठेवायचे, आठवडेच्या आठवडे वाळायला. आता यंत्र वेल उपटून उलटा टाकतं, शेंगा वर, पानं खाली. चार दिवसांनी दुसरं यंत्र शेंगा तोडून नेतं. अमेरिकेतला साधारण निम्मा भुईमूग एकट्या जॉर्जियात पिकतो. सप्टेंबरअखेर या भागातून जाताना गाडीची काच खाली केली की ओल्या शेंगांचा आणि मातीचा मिळून जो वास येतो, तो लहानपणी शेतावर गेलेल्या कुणालाही ओळखू येईल. आणि रस्त्याकडेच्या टपरीवर मिठात उकडलेल्या शेंगा मिळतात. पाच-सहा वर्षांचा जिमी रात्री शेंगा मिठाच्या पाण्यात भिजत घालायचा, पहाटे उकडायचा आणि रुळांच्या कडेने चालत येऊन प्लेन्सच्या दुकानांपुढे पाच सेंटला पुडी विकायचा.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि गावोगाव गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ उभ्या राहिल्या. प्लेन्समध्येही झाली. कार्टर सभासद झाले नाहीत. मित्र म्हणवणारी गिऱ्हाइकं आली, म्हणाली, पाच डॉलर वर्गणी तुला जड असेल तर आम्ही भरतो. ते तरीही झाले नाहीत. काही काळ लोकांनी त्यांच्या गोदामावर बहिष्कार टाकला.

खरा बहिष्कार मात्र कोइनोनियाच्या वाट्याला आला. अमेरिकस हे तालुक्याचं गाव प्लेन्सपासून सोळा किलोमीटरवर. त्याच्या दक्षिणेला १९४२ मध्ये क्लॅरन्स जॉर्डन या बाप्टिस्ट धर्मशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शेती विकत घेतली आणि गोरे-काळे एका पंगतीला जेवणारी, एकत्र राबणारी कोइनोनिया ही वसाहत सुरू केली. १९५० च्या दशकात त्यांना कुणी बियाणं विकेना, खत विकेना, विमा देईना. रस्त्याकडेचं त्यांचं दुकान स्फोटाने उडवलं. घरांवर गोळ्या झाडल्या. ती माणसं हलली नाहीत. पिकान टपालाने देशभर विकून जगली. याच शेतावर गरिबांना बिनव्याजी घरं बांधून देण्याची कल्पना रुजली आणि १९७६ मध्ये मिलर्ड फुलर यांनी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ स्थापन केली. कार्टर पुढे ज्या कामासाठी हातात हातोडा घेऊन जगभर फिरले, ते त्यांच्या घरापासून मोटारीने पंधरा मिनिटांवर जन्मलं होतं. आणि जॉर्डन यांचा पुतण्या हॅमिल्टन जॉर्डन व्हाइट हाउसमध्ये कार्टर यांचा उजवा हात झाला.

१९६३ चा उन्हाळा सांगितल्याशिवाय या तालुक्याबद्दल लिहूच नये. अमेरिकसच्या सिनेमागृहाच्या पुढच्या खिडकीवर तिकीट मागितलं म्हणून कृष्णवर्णीय मुलींना अटक झाली. बारा-तेरा-चौदा वर्षांच्या पोरी. त्यांना लीसबर्गच्या एका जुन्या कोठडीत नेऊन ठेवलं. खाटा नाहीत, संडास तुंबलेला, आईबापांना पत्ता नाही. आठवडेच्या आठवडे. डॅनी लायन या तरुण छायाचित्रकाराने लपून जाऊन गजांआडून फोटो काढले, तेव्हा देशाला कळलं. त्या वर्षी कार्टर याच भागाचे राज्य सिनेटर होते. ते उघडपणे काही बोलले नाहीत. मला त्यांच्याबद्दल आदर आहे, तो या मौनाकडे काणाडोळा करून नाही. गावात राहायचं, धंदा करायचा, निवडून यायचं, तर कुठवर बोलायचं याचा अंदाज रुळांच्या अलीकडच्यांनाही होताच. फरक इतकाच की त्यांचं गप्प बसणं दुसऱ्यांना महाग पडत होतं.

१९६५ मध्ये प्लेन्स बाप्टिस्ट चर्चमध्ये कृष्णवर्णीयांना उपासनेला येऊ द्यायचं नाही, असा ठराव आला. कार्टर त्याविरुद्ध उभे राहून बोलले. विरोधात जेमतेम सहा मतं पडली, बहुतेक त्यांच्याच घरातली. १९७६ मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या तोंडावर, कृष्णवर्णीय धर्मोपदेशक क्लेनन किंग दारात उभे राहिले, तर चर्चने त्या रविवारची उपासनाच रद्द केली. दोन आठवड्यांनी मतदान होऊन बंदी उठली, पण गाव दुभंगलं. १९७७ मध्ये काही कुटुंबं बाहेर पडली आणि त्यांनी मॅरानाथा बाप्टिस्ट चर्च सुरू केलं. दोन्ही चर्च एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर.

निवडणुकीच्या धामधुमीबद्दल थोडक्यात सांगते. रेल्वेने सोडून दिलेलं स्टेशन प्रचाराचं कार्यालय झालं, कारण रिकामी आणि न्हाणीघर असलेली तेवढीच इमारत होती. गावकरी आणि आसपासची माणसं स्वखर्चाने, जिथे पहिली प्राथमिक निवडणूक होती त्या न्यू हॅम्पशायरच्या बर्फात दारोदार फिरली. मग पर्यटक आले, टी-शर्ट आले, धाकट्या भावाच्या, बिलीच्या, पेट्रोल पंपावर पत्रकारांचा अड्डा जमला. चार वर्षांत सगळं ओसरलं.

१९८१ मध्ये कार्टर पराभूत होऊन घरी आले. गोदाम दहा लाख डॉलरच्या आसपास कर्जात बुडालेलं. ते विकलं. १९६१ मध्ये बांधलेल्या त्याच बैठ्या घरात नवरा-बायको उरलेलं आयुष्य राहिले. मॅरानाथात रविवारी बायबल शिकवायचे, ते ऐकायला बाहेरून लोक यायचे, चर्चचं गवत कापायचे. ज्यांनी पाच डॉलर पुढे केले होते, ज्यांनी बहिष्कार टाकला होता, त्यांच्या लग्नाकार्यांना आणि मयतींना गेले. याला मी मोठेपणा म्हणते. दूर शहरात जाऊन गावावर टीका करणं सोपं असतं. रोझलिन १९ नोव्हेंबर २०२३ रोजी गेल्या, जिमी २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभर वर्षांचे होऊन. ४ जानेवारी २०२५ रोजी त्यांची अंत्ययात्रा आर्चरीच्या शेतापुढे थांबली आणि ते ३९वे राष्ट्राध्यक्ष म्हणून शेतावरची घंटा ३९ वेळा वाजवली गेली. दोघांची दफनं घराच्या आवारातच झाली.

आता गावापुढे प्रश्न आहे तो रविवारी कोण येणार याचा. २०१० मध्ये वस्ती ७७६ होती, दहा वर्षांत दोनशे माणसं कमी झाली. कार्टर यांच्या जमिनीवर २०१७ मध्ये लावलेली ३,८५२ सौर पॅनेलं गावाची निम्मी विजेची गरज भागवतील असा अंदाज होता. शाळेचं संग्रहालय राष्ट्रीय उद्यान सेवा सांभाळते. सात खोल्यांचं एक छोटं निवासगृह आहे, प्रत्येक खोली १९२० पासूनच्या एकेका दशकासारखी सजवलेली. खोली मिळाली तर रात्री राहा.

आणि एक विनंती. येताना पश्चिमेकडून या आणि गावात शिरण्याआधी आर्चरीला थांबा. घर पाहून झालं की अर्ल यांच्या दुकानात उभे राहा, क्लार्क यांची झोपडी आतून बघा, तिच्या दारातून मालकाचं घर किती जवळ आहे ते बघा. मग सेंट मार्क चर्चकडे जा, बिशप जॉन्सन यांचं ते चर्च. तिथून पुढे रुळांच्या कडेने प्लेन्सला गेलात, तर त्या विटांच्या दुकानांत कुणाला दर्शनी दाराने येता येत होतं आणि कुणाला नाही, हे कुणी न सांगता तुमच्या लक्षात येईल.